युरोपातील राजगादीचा वारस कसा शोधावा

साताऱ्याच्या गादीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी सोळाव्या ते अठराव्या शतकातील युरोपची वंशावळ हाती घेण्यापूर्वी दत्तकाची कल्पना बाजूला ठेवावी. शाहू महाराजांच्या मागे दत्तक रामराजे गादीवर आले, आणि 1848 मध्ये आप्पासाहेबांचा दत्तक डलहौसीने नाकारल्यामुळे राज्यच खालसा झाले. युरोपात मात्र निपुत्रिक राजाचा वारस सहसा रक्ताच्या नात्यातच, दूरच्या शाखेत का होईना, शोधावा लागे.

प्रथम त्या राज्याचा कायदा पाहावा. फ्रान्समध्ये स्त्रीला गादी नव्हती आणि स्त्रीच्या वंशालाही नव्हती, म्हणून 1589 मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या खुनानंतर वारस शोधताना तेराव्या शतकातील नवव्या लुईपर्यंत मागे जावे लागले. इंग्लंडमध्ये भाऊ बहिणीच्या आधी येई, पण मुलगी काकाच्या आधी. पोलंडमध्ये राजा निवडला जाई. तिथे नुसती वंशावळ मांडून भागत नाही.

मग मृत राजापासून वर चढत जावे: आधी त्याची संतती, नंतर बापाची, नंतर आजोबांची. स्पेनचा दुसरा कार्लोस 1700 मध्ये निपुत्रिक वारला, ते उदाहरण कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. त्याची थोरली सावत्र बहीण मारिया तेरेसा फ्रान्सच्या चौदाव्या लुईला दिली होती. लग्नाच्या वेळी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली होती. पण ठरलेला पाच लाख सुवर्ण एस्कुदोंचा हुंडा चुकता झाला नाही, तेव्हा हक्कसोडही रद्द, असा फ्रेंचांचा युक्तिवाद होता. (भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.) दोन बहिणींतल्या धाकटीचा नातू 1699 मध्येच वारला होता. ऑस्ट्रियाच्या चार्ल्सचा दावा समजण्यासाठी आणखी एक पिढी वर, त्याच्या आजीपर्यंत, म्हणजे स्पेनच्या तिसऱ्या फिलिपच्या मुलीपर्यंत जावे लागते. कार्लोसने मृत्युपत्रात लुईचा नातू फिलिप याला वारस नेमले, आणि 1701 ते 1714 युद्ध चालले.

त्यानंतर अपात्र ठरलेल्यांची नावे खोडावीत. इंग्लंडच्या 1701 च्या कायद्याने कॅथलिकांना वगळले, म्हणून 1714 मध्ये राणी अ‍ॅनच्या पन्नासहून अधिक जवळच्या नातलगांना ओलांडून हॅनोव्हरचा जॉर्ज राजा झाला.

प्रत्येक हक्कापुढे कायद्याचे वर्ष अवश्य लिहावे. 1713 मध्ये स्पेनने पुरुषवंशाला झुकते माप दिले, तर त्याच वर्षी व्हिएन्नात सम्राट सहाव्या चार्ल्सने मुलीलाही वारसा मिळण्याची सोय केली. अनेक दरबारांनी ती मान्य केली होती, तरी 1740 मध्ये मारिया तेरेझिया गादीवर येताच प्रशियाच्या फ्रेडरिकने तिच्या सायलेशिया प्रांतावर सैन्य घातले.