गोल्फ क्लबचा शाफ्ट घरी बदलताना

आयर्नचा (धातूच्या पात्यासारखं हेड म्हणजे डोकं असलेल्या क्लबचा) नवा शाफ्ट, म्हणजे दांडा, विकत घेण्याआधी जुन्याच्या हेडकडच्या टोकाची जाडी व्हर्नियरने मोजा. ती बहुधा ०.३५५ किंवा ०.३७० इंच असते. फरक केसाएवढा, पण जाड टोक अरुंद हॉझलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यात) बसणारच नाही.

जुना शाफ्ट काढायला हीट गनने फक्त हॉझल तापवा, म्हणजे आतलं इपॉक्सी (शाफ्ट चिकटवणारा पक्का गोंद) मऊ पडतं. स्टीलचा असेल तर पिळून ओढा. ग्राफाइटचा मात्र कधीच पिळू नका, आतले तंतू तुटतात. थोडीच उष्णता द्या आणि सरळ ओढा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

खरी मेहनत साफसफाईत आहे. हॉझलमधलं जुनं इपॉक्सी तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडा. नव्या स्टील शाफ्टच्या टोकावरची चकाकी सँडपेपरने घालवा, नाहीतर पकड येत नाही.

नागपूरच्या इतवारी बाजारातून इपॉक्सी आणाल तर पाच मिनिटांत सुकणारं नको, सावकाश सुकणारंच घ्या. फेरूल (हॉझलच्या तोंडाशी शाफ्टवर बसणारी छोटी कडी) आधी चढवायला विसरू नका. चिकटवल्यावर २४ तास क्लब हलवू नका. लांबी नंतर ग्रिपच्या बाजूने कापा.

आणि मे महिन्यात नागपुरात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या भट्टीत इपॉक्सी मऊ पडतं, हेड सैल होतं.