रात्रभर चालू कॉम्प्युटरचं बिल किती?

हिशोब सोपा आहे: वॅट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट. साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट, काही काम नसतानाही, १०० वॅटच्या आसपास खातो असं धरू. दिवसाचे ८ तास कामाचे सोडले तर उरलेल्या १६ तासांत १.६ युनिट, महिन्याला ४८ युनिट फुकट. १० रुपये युनिट धरलं तरी ४८० रुपये!

खरी गोम स्लॅबमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर एकदम चढतो, पुन्हा ३०० नंतर. ही ४८ युनिटं तुमच्या बिलात सगळ्यात वर, म्हणजे सर्वात महाग दरात बसतात. त्यामुळे १० रुपये न धरता, बिलावरचा शेवटच्या स्लॅबचा दर (वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा दर युनिटमागचा आकार, त्यासकट) घेऊन गुणाकार करा.

उपाय? सेटिंगमध्ये १५-२० मिनिटांनी ‘स्लीप’ लावून टाका. स्लीपमध्ये वापर जेमतेम काही वॅटवर येतो आणि उघडलेल्या फाइली जिथल्या तिथे राहतात. स्क्रीनसेव्हरने मात्र काहीच वाचत नाही, पडदा तेवढा हलता दिसतो. रात्री डाउनलोड लावायचंच असेल तर निदान मॉनिटरचं बटण बंद करा.