पोवाडा कसा रचावा: मात्रा, यमक आणि झील

विषय एकाच घटनेचा घ्या. शिवकाळातल्या शाहीर अज्ञानदासाने अफजलखानाचा वध (1659) घेतला, शाहीर तुळशीदासाने सिंहगडाची लढाई (1670). अख्खे चरित्र घ्याल तर नुसती यादी होते.

लेखणीआधी ठेका धरा. मांडीवर थाप देत 1 ते 8 मोजा, पुन्हा 1 ते 8. हे आठ मात्रांचे आवर्तन. चाली पुष्कळ आहेत, पण नवख्याला हीच सोयीची. अ, इ, उ असलेले अक्षर 1 मात्रेचे. दीर्घ स्वराचे किंवा अनुस्वाराचे 2 मात्रांचे. जोडाक्षरामागच्या ऱ्हस्वावर आघात पडला तरच तो 2 धरायचा: ‘किर्र’मधला ‘कि’ 2, ‘तुझ्या’तला ‘तु’ 1च.

रात किर्र ही । उभा कडा तो । गडी निघाले । वरती
दोर बांधुनी । पाय रोवुनी । कपारीत ते । शिरती

तीन गट 8-8 मात्रांचे, शेवटचा 4 चा. उरलेल्या 4 मात्रा झीलकऱ्याच्या, म्हणजे शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदाराच्या. त्याची ही साथ म्हणजे झील. ‘जी जी’ तिथे नेमके बसते आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. ओळ शेवटपर्यंत ठासून भरली की दोन-तीन कडव्यांतच दम लागतो. गटात एखादी मात्रा कमी पडली तर गळा स्वर लांबवून सांभाळून घेतो. जास्त झाली तर शब्द डफाच्या थापेमागे रेंगाळतो. शब्द दोन गटांत तोडू नका.

यमकात ‘रती’ ही दोन अक्षरे जुळली आहेत, शिवाय एक शब्द क्रियापद आहे, दुसरा नाही. ‘केले, गेले, झाले’ अशी यमके आयती मिळतात आणि तितकीच लवकर कंटाळवाणी होतात. दर 2 किंवा 4 ओळींनी यमक बदला. ‘बांधुनी, रोवुनी’ असे आतले यमक मात्र धामधुमीच्या प्रसंगासाठी राखून ठेवा.

खरी गंमत पुनरुक्तीत. ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर जसेच्या तसे येते, म्हणून त्यात कथेचा पुढचा भाग घालू नये. तो पुढच्या वेळी शिळा वाटतो. कथा पुढे न्यायची तर ओळ तीच ठेवून शब्द बदला:

पहिला पहरा गाफिल होता
दुसरा पहरा गाफिल होता
तिसरा पहरा जागा होता

दोनदा कान सवयीचा होतो, तिसऱ्यांदा दचकतो. चौथी ओळ वाढवली की धार गेली. (‘पहारा’, ‘गाफील’ इथे मुद्दाम आखूड केले, मूळ रूपांनी त्या त्या गटात एकेक मात्रा वाढली असती.)

मग सगळे दुप्पट लयीत म्हणून पाहा. जीभ अडखळली तिथे बहुधा जडशीळ जोडाक्षर सापडेल. ‘प्रक्षुब्ध’ काढून ‘खवळला’ घाला. शेवटच्या चौकात (कडव्यांच्या गटात) शाहिराचे नाव गुंफायची रीत आहे. तिथेही मात्रा मोजा, आणि पूर्ण नाव आठात मावत नसेल तर आडनाव खुशाल गाळा.