कॉलनी-गाव चालतं करायचंय? मग या चुका टाळा

जळगाव असो, धुळं असो की नंदुरबार, प्रत्येक कॉलनीत एकदोन जण तरी असतात ज्यांना मनापासून वाटतं की आपल्या इथल्या लोकांनी थोडं हलायला पाहिजे. घरोघरी शुगर-बीपीच्या गोळ्या आल्यात, पोरं मोबाईलमध्ये, आणि कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायची तरी गाडी काढायची. मग ग्रुप निघतो, सकाळचं वॉकिंग सुरू होतं, पंधरा दिवस जोरात चालतं आणि हळूहळू ते दोघंतिघंच उरतात. आणि मग "जाऊ द्या भो, आपले लोकच आळशी" म्हणून विषय बंद. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

कारण बघा, हेच लोक चैत्रात वणीच्या गडावर पायी जातात. आपल्या जिल्ह्यांतून, भर उन्हाळ्यात, त्यात बायका असतात, साठीच्या पुढची माणसं असतात. मुक्ताईनगरची पालखी तर महिनाभर चालत पंढरपूरला पोचते. तिथे कोणी "चाला, तब्येतीला चांगलं" असं सांगायला लागत नाही, कारण सोबत असते, निघायची वेळ ठरलेली असते, ऊन टाळून पहाटे नि रात्री चालायचं हे सगळ्यांना माहीत असतं, वाटेत पाणी-चहा-फराळ मिळतो आणि पाय टेकायला जागा असते. आपल्या कॉलनीत यातलं काय आहे ते आधी बघा. रस्त्यावर दिवा नाही, ओपन स्पेसमध्ये गाजरगवत नि कचरा, बसायला एक बाक नाही, चौकात कुत्र्यांची टोळी. अशा ठिकाणी लोकांना आग्रह करून काय होणार? सवय लावायची असेल तर आधी वाट नीट करा, मग माणसांना बोलवा.

दुसरी चूक वेळेची. ग्रुप काढणारे बहुतेक पुरुष, त्यांना पहाटे पाचची वेळ सोयीची, म्हणून सगळ्यांना तीच. पण त्या वेळी घरातल्या बाईला डबे असतात, पोरांची शाळा असते, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला तर ती घर सोडूच शकत नाही. अंधारात एकटीने निघायची भीती ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या आकड्यांत भारतातले जवळपास निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं, पुरुष साधारण 42 टक्के आणि बायका 57 टक्के. म्हणजे ज्यांना जास्त गरज आहे त्यांनाच आपली वेळ जमत नाही. त्यांनाच विचारा की तुम्हाला कधी जमतं. खूपदा उत्तर येतं रात्री जेवणं-भांडी झाल्यावर, किंवा पोरं शाळेत गेल्यावर अर्धा तास. "चाल व माय, एक चक्कर मारून येऊ" असं शेजारणीने म्हटलं की बाई निघते, पोस्टर बघून निघत नाही. आणि ट्रॅकसूटची अट अजिबात नको, साडीवर चालू द्या, फक्त पायात घसरणारी चप्पल नको.

उन्हाचा हिशोब न करता वेळापत्रक बनवणं ही आपल्याकडची खास चूक. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा 44-45 पर्यंत जातो, तेव्हा सकाळी नऊला चालायला लावणं म्हणजे लोकांना उन्हाच्या झटक्याकडे ढकलणं. होळीनंतर वेळ बदलायची, आठच्या आत घरी किंवा सूर्य मावळल्यावरच, आणि रात्रीही गरम हवा असेल त्या दिवशी घरातच ओट्यावर, जिन्यावर, पंख्याखाली काय होईल ते. पावसाळ्यात चिखल, म्हणून तेव्हाही दुसरी जागा ठरलेली हवी, मंदिराचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा. ही सोय आधी नसली की एक पावसाळा गेला की ग्रुप संपला असं समजा.

एक दिवसाचं मॅरेथॉन करून समाधान मानणं... टी-शर्ट वाटले, फोटो झाले, सोमवारपासून सगळं जैसे थे. करू नका असं नाही म्हणत, पण तोच पैसा चार बाक, दोन दिवे आणि कडुनिंबाच्या रोपांना जाळ्या यात घातला तर वर्षानुवर्षं उपयोगी पडेल. ओपन जिमचं पण तसंच, मशीन बसवतात उघड्यावर, दुपारभर लोखंड तापतं, वर्षभरात बेअरिंग जातात आणि दुरुस्ती कोणाकडे हे ठरलेलंच नसतं. मशीन मागण्याआधी देखभालीचं लेखी घ्या.

दहा हजार पावलांचा आकडा सगळ्यांच्या माथी मारू नका. हा आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या विक्रीतून पसरलाय. 2019 ला अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवर झालेल्या अभ्यासात तर रोजच्या साधारण 4,400 पावलांनाच मृत्यूचा धोका कमी दिसला आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. 2020 पासून सलग दहा मिनिटांची अटही काढलीये, त्यामुळे भाजीला पायी जाणं, जिना चढणं, पोराला शाळेत चालत सोडणं सगळं धरायचं. जी मंडळी काहीच करत नाहीत त्यांना हे नक्की सांगा, त्यांना धीर येतो.

आता एक चूक जिचा मला खरंच त्रास होतो. दिवसभर कापूस वेचून, निंदणी करून आलेल्या बाईला शिबिरात बसवून व्यायामाचं महत्त्व सांगायचं. अहो, शेतातलं काम हालचालीत मोजलं जातंच, तिला गरज आहे ती पाठीला आराम, पोटभर जेवण आणि कंबर न वाकवता ओझं कसं उचलायचं याची. गावातसुद्धा सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही, दुकानावर बसणारा वेगळा, केळीचे घड वाहणारा मजूर वेगळा.

शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा आणि ग्राउंडच्या चकरा देणंही बंद करा, पोराच्या डोक्यात व्यायाम म्हणजे शिक्षा हेच बसतं. पोरांना रोज तासभर खेळ हवा आणि मैदानं तर शाळा सुटली की कुलूपबंद. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनी संध्याकाळी गेट उघडं ठेवायचा ठराव आणावा, लक्ष ठेवायला पालकांच्या पाळ्या लावाव्यात. लंगडी, लगोरी, आट्यापाट्याला खर्च नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधतो तसे झाडाला कायमचे दोन झोके बांधले तर मुली पण बाहेर दिसतील.

म्हाताऱ्यांना फक्त चालायला लावतात, पण त्यांना पडण्याची भीती जास्त असते, म्हणून ताकद आणि तोल दोन्ही हवं. आधाराला हात ठेवून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, आठवड्यात निदान तीन दिवस. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात साखर ठेवावी, आणि छातीत दुखलं किंवा दम अचानक लागला तर तिथेच थांबून सरळ दवाखाना.

ग्रुप तरीही गळत असेल तर न येणाऱ्यांच्या घरी जा, ग्रुपवर टोमणे टाकू नका. कोणी गुडघ्यामुळे थांबलंय, कोणाला कुत्र्यांची भीती, कोणाला वेग झेपत नाही आणि सांगायला लाज वाटते. हळू चालणाऱ्यांची वेगळी टोळी करा, बाकांपाशी सगळे परत भेटतील असा रस्ता ठेवा. आणि जे कारण कुत्रा, दिवा, खड्डा असं निघेल ते लिहून महापालिकेच्या वॉर्डात द्या, गावात असाल तर जी ग्रामसभा जवळ असेल तिथे मांडा, त्याच्या आधी महिला ग्रामसभा होते तिथे बायकांनी दिव्यांचा ठराव आधी करून घ्यावा, आणि ठरावाची नक्कल मागून स्वतःकडे ठेवावी.