एआयचं भाकीत वाचल्यावर काय करायचं

'एआय सगळं गिळणार' किंवा 'एआय सगळं सुधारणार' असं वाचलं की मी आधी वही काढते. भाकिताला मुदत आहे का बघा. नसेल तर सोडून द्या, त्यावर झोप घालवू नका. असेल तर तारखेसकट उतरवून ठेवा. माझ्या वहीत पहिले एआयचे सुरुवातीचे संशोधक हर्बर्ट सायमन: माणसाचं कुठलंही काम यंत्रं २० वर्षांत करतील, असं ते १९६५ मध्ये म्हणाले. खाली आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. एक्स-रे वाचायला डॉक्टर आजही लागतातच. (म्हणून हिंटन कच्चे ठरत नाहीत, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांच्याकडे आहे.)

मग स्वतःच्या कामावर ताडून बघा. 'नोकरी' हा शब्द खोडा आणि त्यातली कामं सुटी करा. मी अनुवादक. 'पहाटे माझा डोळा लागला' हे वाक्य एआयला अनुवादाला दिलं, तर यंत्राने डोळ्याला इजा केली! पण चाळीस पानी करारपत्र चुटकीसरशी उरकलं, आणि मला आता नुसत्या तपासणीचे निम्मे पैसे मिळतात. माझी निराशा एवढीच आहे, जगबुडीची नाही.

दर सहा महिन्यांनी तेच वाक्य पुन्हा द्या. परवा त्याने बरोबर केलं. मी तारीख टाकली.