ग्रिट्स: मक्याच्या कण्यांचा अमेरिकी दक्षिणेतला नाश्ता घरी कसा करावा

ज्याने ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खाल्ल्या आहेत, त्याला ग्रिट्स समजायला वेळ लागत नाही. वाळलेला मका भरडायचा, पीठ चाळून बाजूला काढायचं आणि उरलेल्या कण्या पाण्यात मऊ शिजवायच्या. जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, अलाबामा या पट्ट्यात सकाळी अंडी आणि बेकनच्या जोडीला ताटात ग्रिट्स हवेतच. मुळात हे तिथल्या मूळ रहिवाशांचं अन्न, युरोपातून आलेल्यांनी ते त्यांच्याकडून घेतलं. जॉर्जियाने तर २००२ मध्ये ग्रिट्सला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवून टाकलं. करायला अवघड काही नाही, पण घाई चालत नाही.

१. कण्या बघून घ्या

अमेरिकेत राहत असाल तर पाकिटावर 'स्टोन ग्राउंड' लिहिलेलं शोधा. दगडी जात्यावर भरडलेल्या या कण्यांत मक्याचा कोंब शाबूत असतो, म्हणून चव असते आणि त्यातल्या तेलामुळे त्या लवकर खवटही होतात. पाकीट फ्रीझरमध्येच ठेवा. 'क्विक' कण्या बारीक असतात, पाच-सात मिनिटांत होतात, कामाच्या दिवशी चालून जातात. 'इन्स्टंट' मात्र आधीच शिजवून वाळवलेल्या असतात. त्यावर गरम पाणी ओतून जे होतं, त्याला ग्रिट्स म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

महाराष्ट्रात असाल तर वाळलेला मका गिरणीतून जाडसर भरडून आणा आणि पीठ चाळून काढा. मधुमका नको, साधा मका हवा. पशुखाद्याच्या दुकानात मक्याचा भरडा स्वस्त मिळतो, तो कोंबड्यांसाठी असतो. त्या वाटेला जाऊ नका.

२. रात्री भिजत घाला

एक वाटी कण्या (चार जणांना पुरतात) भरपूर पाण्यात भिजवा. ढवळून मिनिटभर थांबलं की फोलपटं वर तरंगतात, ती गाळणीने उचलून टाका. सकाळी पाणी निथळून घ्या. क्विक कण्यांना यातलं काही लागत नाही.

३. शिजवा, आणि जवळ उभे राहा

जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ आणि कण्या घालून मध्यम आचेवर ठेवा. हवं तर एक वाटी पाणी कमी करून तेवढं दूध घाला. मीठ सुरुवातीलाच पडलं पाहिजे. मागाहून वरून भुरभुरलेलं मीठ कण्यांच्या आत शिरत नाही.

पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नका, गुठळ्या होतात त्या याच वेळी. मिश्रण दाटायला लागलं की आच अगदी मंद करा, झाकण अर्धवट ठेवा आणि दर चार-पाच मिनिटांनी तळापासून ढवळा. पृष्ठभागावर जाड बुडबुडे येऊन फटफट फुटतात आणि शिंतोडे उडतात. ते कातडीला चिकटतात आणि चांगलंच भाजतं, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. फार घट्ट वाटलं तर गरम पाण्याचा हबका मारा, गार पाण्याचा नाही.

पाऊण तास ते तासभर लागतो. घड्याळापेक्षा दातांवर विश्वास ठेवा: कणी दाताखाली कचकचली तर अजून वेळ आहे. डावातून सावकाश, सलग ओघळायला लागले की गॅस बंद करून दोन मोठे चमचे लोणी आणि मिरपूड घाला. ताटात पडल्यावर ग्रिट्स आणखी घट्ट होतात, तेव्हा जरा सैलच ठेवा.

४. वाढा

सगळ्यात सोपं म्हणजे मध्ये खळगा करून लोणी सोडायचं आणि शेजारी अर्धकच्च्या बलकाचं अंडं. चेडर चीज किसून घातलं की चीज ग्रिट्स झाले. साखर घालावी का, यावर दक्षिणेत घराघरांत वाद आहेत. पक्क्या दक्षिणी माणसासमोर साखरेचा डबा काढू नका.

खास बेत असेल तर कोळंबी. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कोळी मंडळींचा हा सकाळचा साधा नाश्ता होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावच्या 'क्रूक्स कॉर्नर' या रेस्टॉरंटमध्ये शेफ बिल नील तो करत, १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लिहून आलं आणि मग मोठमोठ्या हॉटेलांत तो पोचला. बेकन परतून बाजूला काढा, सुटलेल्या चरबीत कोळंबी आणि मशरूम मोठ्या आचेवर परता, लसूण आणि पातीचा कांदा घाला, शेवटी लिंबू पिळा. कोळंबी वळून गुलाबी झाली की लगेच उतरवा, नाहीतर रबर होते. बेकन खात नसाल तर लोणी वापरा.

५. माणसं बोलवा

ग्रिट्स एकट्यासाठी शिजवणं म्हणजे ढवळण्याची मेहनत वाया. दुप्पट-तिप्पट करा, पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा म्हणजे आळणार नाहीत, आणि चीज, अंडी, कोळंबी, तिखट सॉस मांडून ज्याला जे हवं ते घेऊ द्या. साउथ कॅरोलायनातल्या सेंट जॉर्ज गावात दर वसंतात ग्रिट्सचा उत्सव भरतो. तिथे स्पर्धक ग्रिट्सने भरलेल्या हौदात लोळतात. आधी आणि नंतर वजन करून सगळ्यात जास्त ग्रिट्स कोणाच्या अंगाला चिकटले ते बघतात. घरी एवढं करायची गरज नाही.

६. उरलेले टाकू नका

तेल लावलेल्या ताटात थापून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वड्या पाडून तव्यावर कमी तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. रिकाम्या पातेल्यात लगेच गार पाणी ओतून ठेवा, तळाचा थर तासाभरात आपसूक सुटतो.