साहेब ‘गोड’ म्हणाले तर खूश होऊ नका

जपानला नवीन आलात, तर कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, १४ दिवसांच्या आत पत्ता नोंदवा, कचऱ्याचे वार पाठ करा. बाकीचं शेजारी सांगतील. मला बोलायचंय ते एकाच शब्दाबद्दल: अमाइ.

पुण्यातल्या जपानीच्या क्लासमध्ये शिकूनच आला असाल. अमाइ म्हणजे गोड. केक अमाइ, आंबा अमाइ, चला पुढचं पान. मीही एवढ्याच शिदोरीवर आलो होतो.

पहिल्याच वर्षी एका कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज काढून दिला. साहेब कागद बघत हळूच म्हणाले, “मित्सुमोरि गा चोत्तो अमाइ देसु ने.” अंदाज जरा गोड आहे! आपल्याकडे शेवटसुद्धा गोड झालेला आवडतो. मी कमरेत वाकून ‘अरिगातो गोझाइमासु’ म्हटलं आणि तोच कागद ग्राहकाला धाडला. ते बिचारे सांगत होते, हिशेब ढिला आहे, दिवस कमी धरलेत. १५ दिवसांचं काम दीड महिना चाललं, सगळे शनिवार-रविवार त्यात गेले, आणि पुढे वर्षभर मला कुणी ग्राहकासमोर नेलं नाही. साहेब ओरडले असते तर कळलं तरी असतं. पण इथे ओरडत नाहीत, ‘चोत्तो’, म्हणजे ‘जरा’, लावतात.

म्हणून पुन्हा सांगतो: कामाला, विचाराला, हिशेबाला अमाइ लागलं की ती तक्रार. कांगाए गा अमाइ, म्हणजे विचार भाबडा. त्सुमे गा अमाइ, म्हणजे शेवटाला कच्चं. त्सुमे म्हणजे शोगीच्या, जपानी बुद्धिबळाच्या, डावात राजाला कोंडण्याचा टप्पा. नेजि गा अमाइ, तर चक्क स्क्रू सैल. मुलांना अमाइ असलेला बाप लाड करतो, अमाइ परीक्षक सढळ हाताने गुण देतो. सैलपणाचा धागा धरा, बरंच उलगडतं.

याच्या उलट काराइ, तिखट. काराइ परीक्षकाचा हात आखडता. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, बाटलीवर काराकुचि म्हणजे मात्र गोडी कमी, तिखट नव्हे. करीच्या खोक्यावर तिखटच, पण आपल्या जिभेला तेही मिळमिळीत.

टोकियोतल्या आमच्या निशिकासाईत ‘ऑफिसात इंग्रजी चालतं’ म्हणत दहा वर्षं काढलेले पुष्कळ भेटतील. मीटिंगमध्ये चालतंही. अमाइ मात्र मीटिंग संपल्यावर, दाराशी, जपानीतच सांगतात.

या शब्दाचं एक भावंड आपणहून वापरायची एक जागा आहे. साहेब म्हणाले, बिल मी देतो, तर आधी नको म्हणा. पुन्हा आग्रह झाला की ‘ओकोतोबा नि अमाएते’ म्हणा: तुम्ही एवढं म्हणताय, तर लाड करून घेतो. पंगतीत जिलबीला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा ताट पुढे करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.